थेंबभर रक्ताची तपासणी : नमुना नीट, तर निकाल नीट



रक्त तपासायचे म्हटले की पूर्वी तालुक्याची नाहीतर जिल्ह्याची वारी ठरलेली असे. एक दिवसाची मजुरी बुडायची, एस.टी.चे भाडे जायचे, आणि रिपोर्टसाठी पुन्हा एक खेप. गावात येऊन बोट टोचणारा एकच माणूस आपल्या ओळखीचा होता. तो म्हणजे हिवतापासाठी काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घेणारा आरोग्य सेवक. आता चित्र बदलले आहे. उपकेंद्रात, गरोदर मातांच्या तपासणीत, साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड टोळ्यांसाठी लागणाऱ्या शिबिरात बोट टोचून एचआयव्ही, कावीळ अशा विषाणूंच्या आजारांची तपासणी होते. वीस मिनिटांत निकाल हातात येतो.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण ही तपासणी जितकी सोपी दिसते तितकीच ती चुकायलाही सोपी आहे. त्याहून वाईट म्हणजे बरोबर आलेल्या निकालाचा चुकीचा अर्थ लावून एखाद्याचे घर उठवायलाही ती सोपी आहे. म्हणून गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला, विशेषतः सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, आशाताई या मंडळींना, त्यातले चार मुद्दे ठाऊक असलेच पाहिजेत.

कोणी म्हणेल, हा विषय आरोग्य खात्याचा, शेतीच्या पानावर कशाला? तर नमुना घेण्याची गोष्ट आम्हा कृषी खात्याच्या माणसांना चांगली ठाऊक असते. माती परीक्षणाचेच बघा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती काढा, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची घेऊ नका, खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, असे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. कारण प्रयोगशाळेतले यंत्र कितीही चांगले असले तरी ते पिशवीत जे आहे तेच सांगणार. माती उकिरड्याची दिली तर अहवाल उकिरड्याचा येणार. रक्ताच्या थेंबाचेही अगदी तसेच आहे.

थेंबात नेमके काय शोधतात?

हिवतापाच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली खुद्द रोगजंतू दिसतो. बोट टोचून होणाऱ्या बऱ्याच विषाणू-चाचण्यांत मात्र विषाणू दिसत नाही. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला काही पदार्थ तयार करते. त्यांना प्रतिपिंडे किंवा अँटीबॉडी म्हणतात. पट्टीवर रंगीत रेघ उमटते ती या प्रतिपिंडांची.

उसाच्या सरीत बिबट्याचा ठसा दिसला तर बिबट्या येऊन गेला हे नक्की. पण तो आत्ता उसात बसला आहे की डोंगर ओलांडून गेला, हे ठसा सांगत नाही. प्रतिपिंड म्हणजे असा ठसा. विषाणू येऊन गेला एवढे तो सांगतो. तो अजून अंगात आहे का, हे पुष्कळदा दुसऱ्या चाचणीने पाहावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. या विषाणूची लागण झालेल्यांपैकी साधारण दर दहातल्या तिघांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत, औषध न घेता, आपोआप जातो. पण प्रतिपिंडे मागे राहतात, ती वर्षानुवर्षे. अशा माणसाची पट्टी पुढेही 'पॉझिटिव्ह'च येणार. माणूस धडधाकट, आणि गावात बोभाटा मात्र "ह्याला काळी कावीळ आहे."

उलट बाजूही आहे. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. हिपॅटायटिस सी मध्ये दोन-तीन महिने जाऊ शकतात. एचआयव्हीच्या बाबतीत लागणीच्या शंकेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी असा सल्ला देतात तो यासाठीच. डेंगीत ताप आल्यावर पहिले चार-पाच दिवस प्रतिपिंडे सापडत नाहीत, त्या दिवसांत विषाणूचाच अंश शोधणारी एनएस-१ चाचणी करतात. डेंगीचे निदान पक्के करायला शासनाच्या केंद्रात शिरेतून रक्त घेऊन एलायझा चाचणी होते, नुसत्या झटपट कार्डावर ते पक्के धरत नाहीत. तेव्हा रेघ आली नाही म्हणून "काही नाही" असे समजून गाफील राहायचे नसते.

तान्ह्या बाळाचा प्रकार आणखी वेगळा. आईची प्रतिपिंडे बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. आईला एचआयव्ही असेल तर बाळाला लागण नसतानाही त्याची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून दीड वर्षाच्या आतल्या बाळाचा निर्णय प्रतिपिंडाच्या पट्टीवर कधीच करत नाहीत.

हिपॅटायटिस बी ची नेहमीची पट्टी मात्र प्रतिपिंड नव्हे, तर विषाणूच्या आवरणाचा भाग शोधते. म्हणजे सगळ्या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीची भाषा निराळी. 'बी' ची रेघ आणि 'सी' ची रेघ यांचा अर्थ एक नाही.

बोट टोचण्याची रीत

आता नमुन्याकडे वळू. टोचायचे कुठले बोट? मधले किंवा अनामिका. अंगठा व तर्जनी नको, कारण कामात त्यांचा वापर जास्त आणि कातडी जाड. करंगळी नको, कारण तिथे मांस कमी, टोचणी हाडाला लागायची भीती. बोटाच्या अगदी टोकावर किंवा मधोमध न टोचता किंचित बाजूला टोचावे. तिथे दुखते कमी आणि थेंब चांगला येतो.

हात आधी साबणाने धुवावेत. आपल्या शेतकरी माणसाच्या हातावर माती, खत, फवारणीचे औषध, तंबाखू-चुना काय काय असते. हात गार असतील तर कोमट पाण्यात धरावेत किंवा चोळून ऊब आणावी, हात खाली सोडून ठेवावा, म्हणजे रक्त बोटात उतरते. मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि ते पूर्ण वाळू द्यायचे. शिबिरात रांग मोठी असली की इथेच घाई होते. ओल्या स्पिरिटवर टोचले तर झोंबते, थेंब पसरतो आणि स्पिरिट रक्तात मिसळून नमुना बिघडतो.

टोचल्यावर आलेला पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. त्यात कातडीतले पाणी आणि उरलेसुरले स्पिरिट असते. दुसरा थेंब घ्यायचा. रक्त येईना म्हणून बोट गाईच्या सडासारखे पिळायचे नाही. पिळले की रक्ताबरोबर मांसातले पाणी येते आणि नमुना पातळ होतो. दुधात पाणी घालून फॅट मोजल्यासारखाच हा प्रकार. बोटाच्या मुळाकडून हलका दाब देऊन सोडला तर हरकत नाही. तरीही थेंब येत नसेल तर दुसरे बोट नव्या टोचणीने टोचावे.

थेंब बारीक नळीत किंवा किटबरोबर आलेल्या ड्रॉपरमध्ये खुणेपर्यंत घ्यायचा, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. रक्त कमी पडले तर खरी रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. जास्त झाले तर सगळी पट्टी लाल होऊन वाचताच येत नाही. किती रक्त आणि किती थेंब द्रावण हे प्रत्येक किटच्या कागदावर लिहिलेले असते. एका कंपनीच्या किटचे द्रावण दुसरीच्या पट्टीवर वापरू नये. एका कंपनीच्या तणनाशकाची मात्रा दुसऱ्याला लावल्यावर पिकाचे काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

पट्टी वाचताना

प्रत्येक पट्टीवर एक नियंत्रण रेघ असते, बहुधा 'सी' अक्षरापाशी. ती उमटली तरच चाचणी खरी. ती उमटली नाही तर बाकी काहीही दिसो, चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची. ठरलेल्या वेळेआधी वाचायचे नाही आणि वेळ टळून गेल्यावरही नाही. तासाभराने वाळलेल्या पट्टीवर उगाच सावलीसारखी रेघ दिसते. त्यावरून कोणी निकाल देऊ लागला तर तिथेच थांबवावे.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे ऊन. बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. एप्रिल-मे महिन्यात मराठवाडा-विदर्भात पारा ४२ च्या वर जातो. उभ्या जीपमध्ये खोके दुपारभर राहिले तर आत काय होत असेल ते तुम्हीच ताडा. बियाणे उन्हात राहिले की उगवण घटते, तसा पट्टीचाही कस जातो. मुदत संपल्याची तारीख जशी औषधाच्या बाटलीवर बघता, तशी इथेही बघा.

टीपकागदावरचा थेंब

दुसरी एक पद्धत गावासाठी फार उपयोगी आहे. बोटाच्या, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत टाचेच्या, रक्ताचे थेंब जाड टीपकागदाच्या छापील गोलांवर घेतात. गोल पूर्ण भरला पाहिजे, थेंबावर थेंब टाकायचा नाही, गोलाला हात लावायचा नाही. कागद सावलीत, मोकळ्या हवेत आडवा ठेवून निदान चार तास पुरता वाळवतात. उन्हात किंवा चुलीजवळ नाही. मग ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करून तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. शीतपेटी लागत नाही, बाटली फुटायची भीती नाही.

नवजात बाळांच्या तपासणीसाठी ही पद्धत अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. आपल्याकडे एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाचा सहाव्या आठवड्यातला नमुना असाच कागदावर घेतात. त्यातून प्रतिपिंड नव्हे, तर खुद्द विषाणूचा अंश शोधतात. दीड वर्ष थांबायची गरज त्यामुळे उरत नाही.

२०२० सालचा धडा

झटपट पट्टीवर किती भरवसा ठेवायचा, याचा धडा करोनाच्या साथीने दिला. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आलेल्या प्रतिपिंड-पट्ट्या राज्यांना वाटल्या गेल्या. राजस्थानने तक्रार केली की या पट्ट्यांची अचूकता अवघी ५.४ टक्के भरते. २१ एप्रिलला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, वापर दोन दिवस थांबवायला सांगितले आणि २७ एप्रिलला त्या परत करण्यास कळवले. किट मुळातच खराब असेल तर बोट कितीही नीट टोचा, उपयोग नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत प्रतिपिंडांची पाहणी केली. आपल्या राज्यातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचे अहमदनगर हे सहा जिल्हे त्यात होते. तिथे शिरेतून रक्त घेतले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विकसित केलेली एलायझा चाचणी वापरली. प्रौढांमध्ये लागण १ टक्क्याच्याही आत निघाली. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत, सहा वर्षांवरच्या लोकांमध्ये, हाच आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला होता. साथ किती पसरली हे सरकारला कळले ते या पाहण्यांमुळे.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. प्रतिपिंड-तपासणी वाईट नाही, पण किट आणि पद्धत पारखून घ्यावी लागते. आणि पाहणीचा आकडा हा समूहाचा असतो. पीक कापणी प्रयोगातून महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन निघते, तुमच्या गटाचे नाही. तसेच "जिल्ह्यात इतके टक्के" यावरून कोणा एकाला लागण आहे की नाही हे ठरत नाही.

एक टोचणी, एकच माणूस

या बाबतीत तडजोड नाही. टोचणी, म्हणजे लॅन्सेट, एका माणसाला एकदाच. ती समोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. पेनसारख्या यंत्रात सुई बदलून तेच यंत्र अनेकांना लावणेही धोक्याचे, कारण यंत्राच्या तोंडाला रक्त राहते. अमेरिकेत २००३-०४ मध्ये मिसिसिपी, नॉर्थ कॅरोलिना आणि लॉस एंजेलिस भागातल्या वृद्ध-निवासांत हिपॅटायटिस बी पसरला, तो साखर तपासताना पाळायची स्वच्छता न पाळल्याने. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. कंबोडियातल्या रोका या खेड्यात २०१४ च्या अखेरीस दोनशेहून जास्त गावकऱ्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. तिथे परवाना नसलेला एक डॉक्टर इंजेक्शनच्या सुया पुन्हा वापरत होता. तपासणी आणि इलाज यांनीच रोग घरोघर पोचवला, अशी ही उदाहरणे आहेत.

म्हणून शिबिरात "बाई, नवीन सुई काढा" असे म्हणायला लाजू नका. हातमोजेही माणसागणिक बदलले पाहिजेत. वापरलेल्या टोचण्या जाड, न टोचणाऱ्या डब्यात जाऊन आरोग्य खात्याच्या गाडीने परत गेल्या पाहिजेत. शाळेमागे किंवा उकिरड्यावर नव्हे. तो उकिरडा पुढे आपल्याच शेतात जातो, आणि त्यात अनवाणी पाय आपलेच असतात.

रेघ उमटली, पुढे काय?

एचआयव्हीची गावात केलेली बोटाची तपासणी ही प्राथमिक चाळणी आहे. रेघ आली तर त्या व्यक्तीला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवतात. तिथे वेगवेगळ्या तऱ्हेच्या तीन चाचण्या होतात, आणि त्या जुळल्या तरच निदान पक्के. उपचार २००४ पासून शासनामार्फत मोफत आहेत. नियमित गोळ्या घेणारा माणूस शेत करतो, संसार करतो, आणि गरोदर मातेने उपचार घेतले तर बाळाला लागणीपासून वाचवता येते.

हिपॅटायटिस सी ची रेघ आली तर पुढची पायरी म्हणजे रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे का ते पाहणारी चाचणी. विषाणू असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पुरते बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे औषध मोफत मिळते. पंजाबने तर २०१६ पासूनच ते जिल्हा रुग्णालयांतून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे काविळीचा गावठी उतारा, डोळ्यात रस, माळ घालणे यात महिने घालवून यकृत गमावण्याचे कारण उरलेले नाही.

खरी गळती होते ती या दोन पायऱ्यांच्या मध्ये. शिबिर झाले, फोटो निघाला, यादी लिहिली गेली, आणि रेघ आलेला माणूस लाजेने किंवा भाड्याच्या पैशांअभावी पुढच्या केंद्रात गेलाच नाही. अशा शिबिराचा उपयोग किती? मातीचा अहवाल फडताळात ठेवून खत मागच्या वर्षीसारखेच टाकण्याइतका.

निकाल कोणाचा?

निकाल त्या माणसाचा. सरपंचाचा नाही, मुकादमाचा नाही, होणाऱ्या सासऱ्याचाही नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच तपासणी करता येते. नोकरीसाठी किंवा उपचारासाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. "टोळीतल्या सगळ्यांचे रक्त तपासा आणि कागद माझ्याकडे द्या" असे कोणी मुकादम म्हणाला तर ते बेकायदा आहे, हे त्याला गावाने सांगायला हवे.

शिबिरात चावडीवर नाव पुकारून निकाल देण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी. एका फिकट रेघेवरून मोडलेले लग्न किंवा वाळीत पडलेली विधवा नंतरच्या खऱ्या अहवालाने भरून येत नाही.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

१) शिबिराआधी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक घेऊन कोणती तपासणी होणार, रेघ आल्यास पुढे कुठे पाठवणार, हे आरोग्य अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावे आणि दवंडीत सांगावे.

२) हात धुवायला पाणी-साबण, किटसाठी सावलीची गार खोली, आणि निकाल सांगायला स्वतंत्र आडोसा द्यावा. यास फारसा खर्च नाही.

३) टोचण्यांचा डबा आला का आणि शिबिरानंतर परत गेला का, हे एका माणसाने डोळ्यांनी पाहावे.

४) पुढच्या तपासणीला जाणाऱ्या गरिबाच्या एस.टी. भाड्याची सोय समितीच्या निधीतून करता येईल का, हे पाहावे. ती करताना कारण मात्र वहीत उघड लिहू नये.

५) एचआयव्हीविषयी शंका असेल तर १०९७ हा मोफत फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

बंधूंनो, बोट पुढे करायला घाबरू नका. वेळेत कळलेला रोग आवरता येतो, न कळलेला घर पोखरतो. फक्त टोचणी नवी आहे का, पहिला थेंब पुसला का, 'सी' ची रेघ उमटली का, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली का, एवढे विचारून घ्या. हे विचारणे तुमचा हक्क आहे आणि चांगल्या आरोग्य सेविकेला त्याचा राग येत नाही.